यांना न मारता विचारायचा प्रश्न

फोनच्या हिशेबानं माझं लग्न झालेलं नाही. मी सरकारी नोकरीत होते, रीतसर निवृत्त झाले आणि मेले. मागं माझी एक मुलगी आहे, तिचे पाय अधू आहेत, आणि तिचा बाप कोण हे फोनला ठाऊक नाही. त्यानं ते कधी विचारलंही नाही, एवढा सभ्यपणा त्यानं पाळला.

प्रत्यक्षात मी चौथी शिकले. नोकरी एक दिवसही केली नाही. आणि नवरा चांगला धडधाकट आहे. या घटकेला तो ओसरीत बसून भुईमुगाच्या शेंगा फोडतो आहे आणि टरफलं खाली टाकतो आहे. ती मलाच झाडायची आहेत.

हे मी कोणाला दाखवायला लिहीत नाही. चार माणसांत माझं तोंड उघडत नाही. लग्नात आहेर द्यायचा तरी मी पाकीट पुढं करते आणि नवरीनं वर पाहायच्या आत मागं सरते. कागद मात्र वर पाहत नाही, म्हणून त्याच्याशी जमतं.

आम्ही मुर्तिजापुरात राहतो. एका अंगाला अमरावती, दुसऱ्या अंगाला अकोला. दोन्हीकडच्या गाड्या आमच्या स्टेशनावर थांबतात आणि आमचं काम नेहमी दुसऱ्याच गावाला असतं. हे कालव्यावर चौकीदार होते. दार उघडायचं, पाणी सोडायचं, दार बंद करायचं, आणि रात्रीतून कोणी ते परत उघडलं तर त्याच्याशी भांडायचं. सुरुवातीची नोकरी धारणीकडं जंगलात झाली. तिथंच मुलगी रांगायला लागली, तिथंच तिला ताप आला आणि पाय गेले. पुढं लेकरू झालं नाही. ती एकटीच.

आता ती तिशी ओलांडून गेली आहे. दहावी झालेली आहे. घरात हातांवर जोर देऊन फिरते, बाहेर जायचं तर कुबड्या. पुढच्या खोलीत तिचं हातमशीन असतं, त्यावर ती ब्लाऊज शिवते आणि गिऱ्हाइकांना टोमणे मारते. बाया ब्लाऊज नेतात आणि टोमणे खायला परत येतात. बोलण्याचा तिचा हा गुण माझ्याकडून आलेला नाही, हे सांगायला नको.

प्रश्न एवढाच होता. हे गेले, मी गेले, की तिचं काय? यांच्या पेन्शनवर घर चालतं. आमच्यामागं ती पेन्शन तिला मिळेल का?

आता कागदावर सुद्धा 'हे गेले' असं लिहिताना मी जरा थांबले. पुढं काय झालं ते या थांबण्यामुळंच झालं.

प्रश्न डोक्यात आला तो बाळापूरला एका तेरवीत. यांच्या नात्यातले एक मास्तर वारले होते. मी पंगतीत बुंदी वाढत होते. समोरासमोर दोन म्हातारे बसलेले, दोघेही पेन्शनवाले. एक म्हणाला, "अपंग लेकराले जलमभर भेटते पेन्शन." दुसरा म्हणाला, "काई नाई भेटत. पंचवीस वर्साचं झालं का बंद." दोघांच्या मिशा सारख्याच, दोघांचा आवाज सारखाच खात्रीचा. मी बादली घेऊन तिथंच उभी. काही कळेल म्हणून एकाच्या पानात वाढली, मग दुसऱ्याच्या. पुन्हा पहिल्याकडं वळले तेव्हा त्यानं पानावर दोन्ही हात आडवे धरले.

"बस करा ना बाई. आज एकाची तेरवी पुरे हाय."

मी पुढच्या पंगतीकडं पळाले. प्रश्न तिथंच विचारता आला असता. पण मग ती बाई मी नसते.

गावात कोणाला विचारायचं तर त्याचीही लाज. त्या वर्षी कपाशीच्या बोंडांत गुलाबी अळी निघाली होती. त्याच्या आधीच्या वर्षी पाऊस नव्हता, आणि त्याच्याही आधी पाऊस होता तर भाव नव्हता. शेजारच्या बाया आम्हाला म्हणत, "तुमचं बरं हाय वो. पानी पडो का न पडो, तुमचा पगार येते." पेन्शनला त्या पगारच म्हणत. अशा बायांना मी काय विचारणार? तुमच्या घरी यंदा काहीच आलं नाही, ते राहू द्या. आमच्या घरी येतं ते आमच्यामागंही येत राहील का, तेवढं सांगा? मी कोणाला काही विचारलं नाही.

मुलीला विचारायचं तर तिच्यापुढं आमचं दोघांचं मरण मांडायचं. यांना विचारायचं तर यांचंच. आणि आमच्यात सवाष्ण बाई बांगडी फुटली असं म्हणत नाही, वाढली म्हणते. मंगळसूत्र तुटलं म्हणत नाही, तेही वाढलं म्हणते. दिवा विझवत नाही, शांत करते. जिला साधी बांगडी फोडता येत नाही, ती नवरा कसा मारणार?

राहिला फोन. दिवाळीत यांनी मोठा फोन घेतला होता. मुलीनं मला शिकवलं होतं, "आई, इथं दाबाचं आन बोलाचं. तो आयकते." एवढं आयकणारं घरात दुसरं कोणी नव्हतं. दुपारी जेवून हे आडवे झाले, पुढच्या खोलीत मशीन सुरू झालं, की मी फोन घेऊन स्वयंपाकघरात गव्हाच्या कोठीमागं बसायची.

पहिल्या दिवशी मी इतकी हळू बोलले की फोनला ऐकूच आलं नाही. दुसऱ्यांदा जरा मोठ्यानं म्हटलं, "हे नसले तर मुलीला पेन्शन मिळेल का?"

त्यानं मला घर सोडून गेलेल्या नवऱ्यांवर वकिलांचे सल्ले दाखवले. खाली एक बाबा होता, तो गेलेला नवरा घरबसल्या परत आणून देत होता. आतल्या खोलीतून माझ्या नवऱ्याचं घोरणं ऐकू येत होतं. मी घाईघाईनं फोन बंद केला.

मग "हे दूर गेले तर" असं विचारून पाहिलं. त्यानं पासपोर्टची माहिती दिली. "यांच्यामागं कसं होईल" असं विचारलं, तर मागं लागलेली साडेसाती कशी घालवायची ते आलं. माझा राग साडेसातीवर नव्हता, स्वतःवर होता. फोनला आडून बोललेलं कळत नाही आणि मला आडूनच बोलता येतं.

चित्रफितीही पाहिल्या. एक माणूस "नमस्कार मंडळी" म्हणून सुरू करायचा आणि म्हणायचा, आज आपण अपंग पाल्याच्या पेन्शनबद्दल अगदी सोप्या भाषेत पाहणार आहोत. मग तो पेन्शन म्हणजे काय इथून निघायचा. यांचं घोरणं थांबेपर्यंत तो अपंग पाल्यापर्यंत पोचत नसे. एकदा पोचला, तर ते केंद्र सरकारचं निघालं. यांची नोकरी राज्याची. मी त्याला मनातल्या मनात म्हटलं, बाप्पा, आधी सांगायचं होतं.

सरकारी कागदही सापडला एक. मराठीतच होता, अक्षरं सगळी ओळखीची. मी बोट ठेवून वाचायला लागले. 'सदरहू', 'उपरोक्त', 'अन्वये' यांच्यातून वाट काढत काढत वाक्याच्या शेवटाला आले तेव्हा सुरुवात विसरले होते. परत सुरुवातीला गेले. तेवढ्यात भात खाली लागला. चौथीत आमच्या बाई म्हणायच्या, वाक्य संपलं की श्वास घ्यावा. त्या कागदापायी मी गुदमरले असते.

मग एक दिवस मला युक्ती सुचली. स्वतःचं मरण मला बोलता येतं. त्यात अशुभ काही नाही, उलट सवाष्ण जावं असं आमच्यात मागून घेतात. तर मग नोकरी मीच केली असं का म्हणू नये? मी कोठीमागं बसून ऐटीत म्हटलं, "मी सरकारी नोकर आहे. मी मेल्यावर माझ्या अपंग मुलीला पेन्शन मिळेल का?"

फोननं पहिल्यांदाच सरळ उत्तर दिलं. म्हणाला, पेन्शन आधी पतीला मिळेल.

घ्या. म्हणजे मी मेले, तरी मुलीपर्यंत पोचायचं तर मध्ये पुन्हा हेच आडवे. यांना बाजूला केल्याशिवाय पुढं जाता येईना, आणि बाजूला करायचं म्हणजे काय ते मला बोलता येईना. मी बराच विचार केला. मग यांचा जीव वाचवायला मी माझं लग्नच मोडलं.

"मी लग्न केलेलं नाही," मी फोनला सांगितलं. "मी मेल्यावर माझ्या पोरीचं कसं?"

आणि खिडकीत खाला उभी होती.

खाला म्हणजे आमची शेजारीण. बांगड्यांचं दुकान आहे तिचं, आणि बायांचे हात दाबून बांगड्या भरता भरता ती अख्ख्या मोहल्ल्याची खबर काढते. ती माझी चाळणी परत करायला आली होती. माझ्याकडं पाहिलं, फोनकडं पाहिलं, चाळणी खिडकीत ठेवली आणि एक शब्द न बोलता गेली. खाला एक शब्द न बोलता गेली हे इतक्या वर्षांत पहिल्यांदा घडलं, पण मला त्याचं काही वाटलं नाही. मी सुटल्यासारखी झाले; लाजेनं फोन बंद केला होता, उत्तर तेवढं वाचायचं राहिलं.

दुसऱ्या दिवसापासून घरात चमत्कारिक गोष्टी होऊ लागल्या. उंदरांचं औषध फडताळातून गेलं. घासलेटची बाटली गेली. न्हाणीघराच्या दाराची आतली कडी यांनी पेचकसानं काढली आणि म्हणाले, गंजली होती. मी अंघोळीला गेले की बाहेरून आवाज येई, "झालं काय वो? एवढा टाईम काहून लागून राह्यला?" हे पारावर जायचे बंद झाले. स्टेशनवरून समोसे आणू लागले. मी कांदा चिरताना डोळे पुसले तर समोर येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "राहू दे. म्या चिरतो." या माणसानं जन्मात कांदा चिरला नव्हता. मला वाटलं, उतारवयात माया सुटली असेल. मग वाटलं, काहीतरी भानगड करून बसले असतील. खालाही रोज दुपारी येऊन बसायला लागली, शेवया घेऊन. माझा हात हातात घेऊन म्हणायची, "भाभी, जिंदगी बहुत बडी चीज है." मी म्हणायची, हो. कोठीमागं जायला सवडच मिळेना. मी मेलेली आणि बिनलग्नाची, पण उत्तर तसंच लटकलेलं.

परसात वालाचा वेल होता. त्यावर मावा पडला. मी फवारणीचा डबा शोधायला गेले, तर तोही नाही.

"औषध कुठं ठेवलं वो?" मी विचारलं.

"काहाले पाह्यजे?" हे एकदम उभे राहिले.

"वालावर मावा पडला."

"पडू दे. आपल्याले यंदा वाल खाचा नाई."

"अवो, वेल वायून जाईन ना."

"वायू दे! वेल गेला तं गेला. तू..." आणि हा कालव्यावर रात्री-बेरात्री एकटा फिरलेला माणूस परसाच्या पायरीवर मटकन बसला. "काय कमी केलं वो म्या तुले? सांग ना. मराच्या गोष्टी करते फोनात. आन वरून लगन झालं नाई म्हनते! तुह्या बापानं अख्खं गाव जेवू घातलं होतं. मले अजून आठोते, वरण खारट झालं होतं. आन म्हने लगन झालं नाई!"

मरण्यापेक्षा त्यांना ते लग्नाचं जास्त लागलं होतं.

भिंतीपलीकडून खाला म्हणाली, "मैंने अपने कानों से सुना, भाभी." पुढच्या खोलीतलं मशीन थांबलं.

आमच्याकडं त्या वर्षांत मरणाची भाषा कोणी हसण्यावारी नेत नव्हतं. कोणाच्या घरी माणूस गप्प गप्प झाला, की शेजारी आधी त्याच्या घरचा फवारणीचा डबा उचलून नेत आणि मग विचारत, काय झालं म्हणून. आमचा डबा खालाच्या पलंगाखाली होता. उंदरांचं औषधही तिथंच होतं. मी कोठीमागं लाडेलाडे मरत होते आणि इकडं तिघं-चौघं मला जगवायला झटत होते.

आता सांगण्यावाचून गत्यंतर नव्हतं. मी पदर तोंडावर ओढला आणि सगळं पदरातच सांगितलं. वकील, बाबा, पासपोर्ट, साडेसाती, माझी नोकरी, माझं मोडलेलं लग्न. मग मुलीचं हसणं ऐकू आलं. ती दारापर्यंत सरकत आली होती आणि उंबऱ्यावर डोकं टेकून हसत होती. "बाई माय! बाबाले मारू नाई म्हनून मले बिनबापाची केली!"

हे हसले नाहीत. "फोन आन," म्हणाले.

यांनी फोन हातात धरला आणि कालव्याच्या या काठावरून त्या काठाला हाक मारावी तसे ओरडले, "मी मेल्यावर माह्या अपंग पोरीले पेन्शन भेटन का?"

मी कानांत बोटं घातली. खालानं भिंतीपलीकडून "अल्लाह न करे" म्हटलं. फोननं मात्र लगेच तोंड उघडलं. एवढे दिवस मी त्याला जे अवघड करून विचारत होते, ते त्यानं यांना पहिल्या फटक्यात दिलं. मुलीनं वाचून दाखवलं. नोकरी केलेला माणूस आणि त्याची बायको, दोघांच्या मागं, जे लेकरू अपंगपणामुळं स्वतःचं पोट भरू शकत नाही त्याला जन्मभर. वयाची अट नाही. धडधाकट लेकरांना वयाची अट आहे, ती पंचवीस वगैरे त्यांची. म्हणजे तेरवीतले दोघेही म्हातारे आपापल्या जागी खरे होते आणि माझी बुंदी वाया गेली नव्हती. सरकारी दवाखान्याचं सर्टिफिकेट लागेल, आणि पेन्शनवाला हयात आहे तोवरच लेकराचं नाव कागदावर चढवून घ्यावं.

"हयात हाये म्या," हे म्हणाले, आणि पुन्हा एकदा तोच प्रश्न ओरडून विचारला. मला वाटतं, त्यांना मजा यायला लागली होती.

मुलगी मात्र हसायची थांबली होती. तिनं ती ओळ परत वाचली. "पोट भरू शकत नाही असं लिवाचं? मंग ही मशीन काय शोभेले ठिवली?"

"लिवल्यानं काय होते?" हे म्हणाले.

"मंग तुमी लिवून द्या ना, कालव्याचं दार तुमाले उघडता येत नोतं म्हनून."

हे पायरीवरची माती बोटानं उकरू लागले. मी तर पदरातच होते. तिच्या पायांना कोणी काही म्हटलं तर ती वर टोमणा मारून मोकळी होते, पण हातांना कोणी नावं ठेवलेली तिला चालत नाहीत. मग ती म्हणाली, "येईन मी. पन खोटं बोलनार नाई." आणि मशीनकडं सरकत गेली. त्या दुपारी मशीन फार जोरात चाललं.

लहानपणी एका शिबिरात मिळालेलं जुनं सर्टिफिकेट होतं, पण त्यावर काजळाची तीट लावलेल्या बाळाचा फोटो. ते चालणार नव्हतं. तेव्हा आम्ही तिघं अकोल्याच्या सरकारी दवाखान्यात जायला निघालो. मी तिला नवी साडी नेसवली, पावडर लावली, गजरा माळला.

"आई, आपन दवाखान्यात चाल्लो ना?"

"चार लोकांपुढं जाचं हाय. नीट दिसाले नको?"

मी खरंच काही मनात धरून केलं नव्हतं. पण त्या खोलीत शिरलो आणि मी तिचा पदर सारखा केला. लांब टेबल. पलीकडं डॉक्टर ओळीनं खुर्च्यांवर. अलीकडं आम्ही. हे हात जोडून कडेला उभे. मुलगी मधोमध, मान खाली. अशी मांडणी मी जन्मात एकाच कार्यक्रमात पाहिलेली आहे, आणि आमच्या घरी तो कार्यक्रम कधी झाला नाही. पोरगी मोठी झाली तेव्हा मी सगळं मनात तयार करून ठेवलं होतं, कोणी विचारलं तर काय सांगायचं ते. कोणी विचारायला आलं नाही.

मधले डॉक्टर कागदावरून मान न उचलता म्हणाले, "काय करते मुलगी?"

आणि मी, जिच्या तोंडून आहेर देताना शब्द फुटत नाही ती, बोलायला लागले.

"सयपाक समदा येते जी. पुरनाची पोई तं अशी करते का हातात घेतली तं फाटत नाई. शिवनकाम येते. दहावी झाली. सभावानं गरीब हाय." इथं मुलीनं मान वर करून माझ्याकडं पाहिलं. मी थांबले नाही. "घरात दुसरं कोनी नाई, मांगं कोनाची जिम्मेदारी नाई. जे हाय ते हिचंच."

यांनी मागून माझा पदर ओढला. कडेला एक डॉक्टरीणबाई बसली होती, ती पेन खाली ठेवून म्हणाली, "काकू, स्थळ घेऊन आलात का?"

सगळे हसले. मीही हसले असते, पण जमीन दुभंगण्याची वाट पाहत होते. अकोल्याची जमीन काळी, उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, पण गरजेच्या वेळी दवाखान्यात फरशी होती.

मधल्या डॉक्टरांनी आता कागद बाजूला ठेवला आणि मुलीलाच विचारलं, "शिवणावर पोट भरतं का तुझं?"

ती सरळ बसली. "शिवनावर दोरा येते, सुया येते, मशीनचं तेल येते, आन कवाकवा आईले साडी येते. पोट बाबाच्या पेन्शनवर भरते. पन मले काम येत नाई असं लिवू नका. चालता येत नाई असं लिवा."

डॉक्टर खुर्ची सरकवून उठले. "पाय तपासू आधी," म्हणाले. "ब्लाऊज तपासायचं आमच्याकडं नसतं." मग तिला पडद्याआड नेलं. पाय मोजले, दाबले, वाकवून पाहिले. बाहेर आल्यावर मधले डॉक्टर म्हणाले, "जा आता. कळवतो."

परतीच्या गाडीत आम्ही तिघं एका बाकावर. मी खिडकीबाहेर पाहत होते, म्हणजे कोणाकडं पाहायला नको. बोरगाव मागं पडल्यावर मुलगी म्हणाली, "सभावानं गरीब?"

मी खिडकीचा गज पदरानं पुसू लागले.

"बाबा, काय म्हनले वो पाव्हने?"

"कळवतो म्हनले," हे म्हणाले.

"मंग गेलं थे स्थळ," ती म्हणाली, आणि दोघं बापलेक असे हसले की समोरच्या बाईनं आपलं टोपलं जवळ ओढून घेतलं. थोड्या वेळानं मुलीनं गजरा काढला आणि माझ्या केसांत खोवला. "आई," ती हळूच म्हणाली, "पोईचं खरं सांगितलं तू. फाटत नाई माह्यी."

स्थळ गेलं नाही. सर्टिफिकेट आलं. त्यात पायांचं सगळं होतं, हातांबद्दल वाकडा शब्द नव्हता. पोट भरण्याचंही डॉक्टरांनी लिहिलं होतं: पायांमुळं स्वतःच्या कमाईवर राहू शकत नाही. मुलीनं ते तीनदा वाचलं आणि म्हणाली, "हे चालते."

मग यांच्या जुन्या ऑफिसात, अमरावतीला. तिथल्या बाबूनं कागद पुढं केला, यांनी सही केली, मग माझ्याकडं सरकवला. मी वाचायला लागले. वाचल्याशिवाय सही करू नये असं चौथीच्या बाईंनी सांगितलं होतं. दुसऱ्याच ओळीत यांचं नाव आणि त्याला लागूनच तो शब्द, जो मला एवढे दिवस फोनलाही बोलता आला नव्हता. मी पटकन त्यावर अंगठा ठेवला आणि पुढचं वाचू लागले.

"काकू, अंगठा नको," बाबू म्हणाला. "सही येत नाई काय?"

"येते."

"मंग अंगठा काहाले ठिवला? आन शाई तं लावाची ना."

मी अंगठा आणखी दाबून धरला. हे म्हणाले, "थ्या शब्दावर ठिवला तिनं. तुमी राहू द्या साहेब, तिचं वाचून होईन."

बाबूनं वाकून पाहिलं, अंगठ्याखाली काय असेल ते त्याला कळलं असावं, कारण तो पंखा मोठा करायला उठला आणि जरा वेळानं परत आला. तोवर मी सही केली. डाव्या हाताचा अंगठा तिथंच होता.

तो कागद आज टपालानं आला. मुलीचं नाव चढलं. म्हणून हे सगळं आठवलं आणि लिहायला बसले. फोनला मात्र मी अजून बिनलग्नाचीच वाटते. यांनी तो हातात घेतला की तो निवृत्त एकट्या बायकांसाठी चांगली स्थळं दाखवतो, आणि हे मला हाक मारून म्हणतात, "ये, पाहून घे. याची पेन्शन माह्यापेक्षा जास्त हाय."

आत्ता मुलगी ओसरीत बसून यांना कागद वाचून दाखवते आहे. तिला आमच्यासारखं काही नाही, ती सगळे शब्द सारख्याच आवाजात वाचते. वाचून झालं की हे शेंगा फोडता फोडता म्हणतात, "वाच अजून एक बार." ती पुन्हा पहिल्यापासून सुरू करते. यांचं नाव येतं. मी उठते, झाडू घेते आणि टरफलं जरा जोरात झाडते. तिचं नाव आलं की थांबते.